शाळेची निसर्गभेट: चाळीस मुलांना तलावावर नेण्याची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

दर हिवाळ्यात शाळांच्या बसगाड्या इंदूरच्या सिरपूर तलावावर येऊन थांबतात. सव्वाशे मुलं उतरतात, रांग लागते, पुढे चालणाऱ्या बाई फलकावरची माहिती मोठ्यानं वाचतात. मागच्या शंभरांना एक अक्षर ऐकू येत नाही आणि बदकं तोवर पलीकडच्या काठाला गेलेली असतात. मग डबे उघडतात, फोटो निघतात, बस परत. दुसऱ्या दिवशी ‘माझी निसर्गसहल’ या निबंधात सगळ्यांच्या वह्यांत तीच दहा वाक्यं येतात.

यात कोणाच्या मनात खोट नसते. चूक असते ती क्रमात आणि तयारीत. इथे सहावीच्या ४० मुलांचं उदाहरण धरलं आहे. जागा सिरपूर तलाव, महिना जानेवारी, वेळ अर्ध्या दिवसाची. इंदूरजवळच्या राळामंडल अभयारण्यात जायचं असो की शाळेच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बसायचं असो, पायऱ्या याच राहतात. एक गोष्ट मात्र पहिल्यापासून पक्की धरा: मुलांनी कमी चालायचं आणि जास्त बसायचं. सगळा तलाव दाखवण्याचा हट्ट सोडला की निम्म्या अडचणी आपोआप सुटतात.

१. आधी एक प्रश्न ठरवा (तीन आठवडे आधी)

‘पक्ष्यांची माहिती घेणे’ हा प्रश्न होत नाही, ते शीर्षक झालं. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी, घड्याळानं किंवा वितीनं काढता येईल, पाऊण तासात हाती येईल आणि ते पुस्तकात आयतं छापलेलं नसेल. बाईंनाही आधी ठाऊक नसेल तर फारच उत्तम, कारण मग मुलं बाईंच्या तोंडाकडे न बघता पाण्याकडे बघतात.

सिरपूरसाठी आमच्या पसंतीचा प्रश्न: टिबुकली एका बुडीत किती सेकंद पाण्याखाली राहते?

टिबुकली म्हणजे हिंदीतली पनडुब्बी. मुठीएवढी, गोल, तपकिरी, शेपूट नसल्यासारखी दिसणारी. वर्षभर असते, काठापासून फार लांब जात नाही आणि सतत बुड्या मारते. पक्षी ओळखण्याचा काहीच सराव नसलेलं मूलही ती पाच मिनिटांत ओळखतं. खर्च काय, तर सेकंदकाट्याचं एक घड्याळ.

दुसरे चालणारे प्रश्न:
- वंचक (ढोकरी, काठावर मान आखडून उभा राहणारा मातकट बगळा) दहा वेळा चोच मारतो, त्यात मासा किती वेळा मिळतो?
- काठावर, उथळ पाण्यात, पाण्याच्या पृष्ठभागावर आणि खोल पाण्यात बुडी मारून, अशा चार ठिकाणी कोण कोण खातं? त्यांचे पाय आणि चोची कशा आहेत?
- एक मीटर चौरसात किती प्रकारची पानं सापडतात? पायवाटेजवळ आणि पायवाटेपासून दहा पावलांवर यात फरक पडतो का?

एका भेटीला एक मुख्य प्रश्न आणि एक जोडकाम, यापेक्षा जास्त नको. शाळेला ‘सगळं कव्हर’ करायचं असतं, हे खरं. पण पाच विषय घेऊन गेलेली मुलं एकही विषय घेऊन परत येत नाहीत.

२. जागा आणि महिना

सिरपूर आणि इंदूरजवळचं यशवंतसागर ही दोन्ही पाणथळं २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, आहेत. पाणपक्ष्यांसाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ घ्या. थापट्या, तलवार बदक हे हिवाळी पाहुणे तेव्हा असतात. वारकरी, जांभळी पाणकोंबडी, हळदी-कुंकू बदक, शेकाट्या हेही सहज दिसतात. सारस बघायचा असेल तर यशवंतसागरची बाजू. पण सारस नेमका त्या सकाळी दिसेल याची खात्री नसते, म्हणून त्यावर मुख्य प्रश्न बांधू नका.

राळामंडल झाडं, माती, खडक आणि कीटकांसाठी चांगलं. ते १९८९ पासून अभयारण्य आहे. वन विभागाची परवानगी आणि प्रवेशाच्या वेळा आधी विचारून घ्या. तिथून दगड, पीस, पान, काहीही उचलून आणायचं नाही.

एप्रिल-मे मध्ये दहा वाजल्यानंतर मुलांना उघड्यावर ठेवू नका.

> सावधान: पावसाळ्यात पातालपाणी, तिंछा अशा धबधब्यांवर शाळेची मुलं नेऊ नयेत. आपल्या डोक्यावर ऊन असतं, वरच्या बाजूला पाऊस पडून गेलेला असतो आणि पाणी काही मिनिटांत वाढतं. जुलै २०११ मध्ये पातालपाणीला सहलीला आलेल्या एका कुटुंबातली माणसं अशीच वाहून गेली. ‘आम्ही लांब उभे राहू’ हे चाळीस मुलांच्या बाबतीत पाळलं जात नाही.

३. पूर्वपाहणी: ही पायरी गाळली तर भेटच रद्द करा

भेटीच्या १० ते १४ दिवस आधी, आठवड्याच्या त्याच वारी आणि त्याच वेळेला जाऊन या. रविवारी संध्याकाळी पाहिलेला तलाव आणि मंगळवारी सकाळचा तलाव वेगळे असतात. भेटीला येणाऱ्यांपैकी किमान दोघांनी जायचं. एकट्यानं पाहिलेलं एकट्याच्याच डोक्यात राहतं आणि नेमका तोच माणूस त्या दिवशी तापानं आजारी पडतो.

काय बघायचं, ते क्रमानं:

*सूर्य.* सकाळी सूर्य पूर्वेला असतो. मुलांच्या पाठीशी ऊन राहील असा काठ निवडा, म्हणजे मुलांची तोंडं पश्चिमेकडे हवीत. उलट्या बाजूला बसवलं तर पाण्यावरच्या चकाकीत सगळे पक्षी काळे ठिपके दिसतात, आणि मुलं ‘काही दिसत नाही’ म्हणून दंगा करतात. दंग्याचं कारण शिस्तीत शोधलं जातं, असतं ते उन्हात.

*बसायच्या जागा.* आठ-आठ मुलांच्या पाच गटांसाठी पाच जागा हव्यात. दोन जागांत ३० ते ४० पावलांचं अंतर ठेवा. प्रत्येक जागेवरून पाण्याचा मोकळा तुकडा दिसायला हवा. जलपर्णीनं झाकलेला काठ नको. जागांना १ ते ५ क्रमांक देऊन कागदावर कच्चा नकाशा काढा.

*काठ.* आपली काळी माती ओली असली की बूट घोट्यापर्यंत आत ओढते आणि उतारावर साबणासारखी घसरते. पाण्यापासून ३ मीटरवर एक रेघ मनाशी आखा. त्या दिवशी तिथे प्रत्यक्ष दोरी टाकायची आहे.

*मोहोळ.* मोठ्या झाडांच्या आडव्या फांद्यांखाली मान वर करून बघा. आग्या मोहोळ लटकत असेल तर त्या झाडाखालची जागा बाद, आणि जाण्या-येण्याची वाटही दुसरी.

*शौचालय.* दार लागतं का, नळाला सकाळी आठला पाणी असतं का, ते स्वतः उघडून बघा. मग हिशेब करा. ४० मुलं, २ शौचालयं आणि एकाला २ मिनिटं धरली तर सगळी रांग संपायला ४० मिनिटं लागतात. ‘आधी सगळे जाऊन या’ म्हटलं की सकाळचा सर्वांत चांगला पाऊण तास रांगेत जातो. म्हणून शाळेतून निघण्यापूर्वी सगळ्यांनी जायचं आणि तिथे गटवार, कामाच्या मधेच पाठवायचं.

*बस.* कुठे वळेल, कुठे उभी राहील, मुलं रस्त्याच्या कोणत्या बाजूला उतरतील हे पाहा. रस्ता ओलांडावा लागत असेल तर थांबायची जागा बदला.

*फोन.* पाचही जागांवर रेंज आहे का? नसेल तर शिट्टीचे इशारे जास्त काटेकोर ठरवावे लागतील.

> तपासा: पूर्वपाहणीत निवडलेल्या प्रश्नाचं काम स्वतः दहा मिनिटं करून बघितलं का? टिबुकल्या दिसल्याच नाहीत तर प्रश्न आत्ताच बदला, बसमध्ये नको.

४. माणसं आणि कागद

आठ मुलांमागे एक मोठा माणूस. पाच गटांना पाच जण, शिवाय दोघे मोकळे: एकजण फिरता, दुसरा प्रथमोपचाराची पेटी आणि बसजवळ. म्हणजे सात. सात शिक्षक निघत नसतील तर पालकांना विचारा. निवृत्त आजोबा आणि सकाळचं काम आटोपून येणाऱ्या काकू यांच्याइतकी शांतपणे बसणारी माणसं दुसरी नाहीत. अट एकच, आपलं मूल आपल्या गटात घ्यायचं नाही.

सात जण जमत नसतील तर मुलं कमी करा. वर्ग दोन भागांत विभागून दोन दिवशी न्या. सव्वाशे मुलांची एक सहल करण्यात बसचं भाडं वाचतं आणि बाकी सगळं जातं.

जागेच्या व्यवस्थापनाला (सिरपूरसाठी इंदूर नगर निगम) मुलांची संख्या, तारीख आणि वेळ लिहून पत्र द्या व पोच घ्या. पालकांच्या संमतीच्या चिठ्ठीत तीन गोष्टी आवर्जून विचारा: दमा, फिट किंवा हृदयाचा त्रास आहे का, मधमाशी वा कोणत्या खाण्याची ॲलर्जी आहे का, रोजचं औषध कोणतं. इनहेलर लागणाऱ्या मुलाचा इनहेलर त्याच्या स्वतःच्या खिशात असायला हवा. बसमधल्या बॅगेत तो निरुपयोगी.

चाकाच्या खुर्चीवरचं किंवा सावकाश चालणारं मूल वर्गात असेल तर त्याला घरी ठेवायचं काही कारण नाही. बसून करायच्या कामात ते कुठेच मागे पडत नाही. बसपासून सर्वांत जवळची, सपाट जागा त्याच्या गटाला द्या आणि बाकीच्यांना त्याबद्दल काही सांगत बसू नका.

५. वर्गातल्या दोन तासिका

पहिली तासिका वहीची. प्रत्येक पानावर वर तारीख, वेळ, जागा क्रमांक, आकाश, वारा. खाली तीन रकाने: ‘दिसलं’, ‘वाटलं’, ‘विचारायचंय’.

पहिल्या दोन रकान्यांतला फरक मुलांना सांगून कळत नाही, करून कळतो. खिडकीतून दिसणाऱ्या कबुतराबद्दल एकेक वाक्य लिहायला सांगा. निम्मी मुलं लिहितील, ‘कबूतर घाबरलं.’ फळ्यावर ते वाक्य घ्या आणि विचारा, घाबरलं हे तुला कशावरून कळलं? मूल म्हणेल, मान वर केली, दोन पावलं मागे सरकलं. मग ‘मान वर केली, दोन पावलं मागे सरकलं’ हे पहिल्या रकान्यात आणि ‘घाबरलं असावं’ दुसऱ्यात. अशी पाच-सहा वाक्यं झाली की वर्गाला लय सापडते.

भाषेची सक्ती नको. घरी मराठी, शाळेत हिंदी, आजीच्या तोंडी माळवी, अशी आपल्याकडची मुलं. टिटवी लिहा, टिटहरी लिहा. खंड्या लिहा, किलकिला लिहा. दोन नावं लिहिणाऱ्याचं कौतुकच करा. नाव माहीत नसेल तर ‘पांढऱ्या कपाळाचा काळा’ असं स्वतःचं नाव ठेवू द्या. वारकरी पक्ष्याचं यापेक्षा चांगलं वर्णन मोठ्यांनाही जमत नाही.

दुसरी तासिका मैदानावर, सरावाची. तीन गोष्टी पक्क्या करून घ्या.

- इशारे: एक लांब शिट्टी म्हणजे जिथे आहात तिथे थांबा आणि गप्प. तीन छोट्या शिट्ट्या म्हणजे आपल्या गटाच्या मोठ्या माणसाकडे या. सरावात दोन्ही किमान पाच वेळा करा.
- मोजणी: प्रत्येक मुलाला १ ते ४० मधला कायमचा क्रमांक. मूल आपला क्रमांक स्वतः ओरडतं आणि त्याच वेळी गटाचा मोठा माणूस आपली आठ डोकी बोटानं मोजतो. नुसत्या ओरडण्यावर विसंबू नका, मित्र मित्राचा क्रमांक ओरडून टाकतात.
- बैठक: पाच मिनिटं एकट्यानं, न बोलता, एकाच जागी. पहिल्या वेळी तिसऱ्या मिनिटाला खुसफुस सुरू होते. रागावू नका, पुन्हा एकदा करा. तलावावर पहिल्यांदा गप्प बसायला लावलं तर तिथे ते जमणार नाही.

> तपासा: गटाची यादी, गटाचा मोठा माणूस आणि जागेचा क्रमांक मुलांना आदल्या दिवशीच माहीत आहे ना? गट बसमध्ये पाडायला घेतले की मैत्रिणींच्या जोड्यांवरून वीस मिनिटं जातात.

६. सामान

प्रत्येक मुलाकडे: १ लिटर पाणी, पुठ्ठ्याच्या कव्हराची छोटी वही, दोरीनं वहीला बांधलेली पेन्सिल (पेनाची शाई दवात पसरते), टोपी, स्वेटर, मोजे आणि बंद बूट, बसायला प्लॅस्टिकचा किंवा पोत्याचा तुकडा. कपडे मातकट, हिरवे, करडे. शाळेचा गणवेश पांढरा असेल तर वरून स्वेटर. अत्तर, बॉडी स्प्रे बंद, मधमाश्यांसाठी. मोबाइल घरी.

प्रत्येक गटाकडे: सेकंदकाट्याची तीन घड्याळं, एक दुर्बीण (८×४० किंवा ८×४२ पुरते, त्याहून मोठी मुलांच्या हातात थरथरते), दोन भिंगं, टोकाला गाठ मारल्यावर ४ मीटर घेर राहील अशी सुतळी, जिचा चार कोपऱ्यांवर ताणून एक मीटरचा चौरस होतो.

सर्वांसाठी: प्रथमोपचार पेटी, ओआरएसची १० पाकिटं (एक पाकीट १ लिटर पाण्यात, कमी पाण्यात नाही), साबण, सॅनिटरी पॅड, दोन जादा स्वेटर, कचऱ्याच्या दोन पिशव्या, काठावर टाकायला ५० मीटर दोरी. शिवाय १५ मीटर दोरीला बांधलेला झाकणबंद रिकामा पाच लिटरचा कॅन. कोणी पाण्यात घसरलंच तर फेकायला हा कॅन. मदतीला मोठ्या माणसानं लगेच उडी मारायची नाही.

दुर्बीण आणि भिंग दोन्ही बहुतेक मुलं उलटी वापरतात. भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि पान भिंगाजवळ आणायचं. दुर्बिणीसाठी आधी नुसत्या डोळ्यांनी पक्ष्यावर नजर रोखायची आणि मान न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची. पट्टा गळ्यात असल्याशिवाय दुर्बीण हातात द्यायची नाही. सूर्याकडे कधीही नाही.

खाणं साधं ठेवा: पराठा, केळं, चिक्की. पोहे-जिलबी परतल्यावर शाळेत. शेवेचं पाकीट फुटलं की कोणीतरी माशांना आणि बदकांना शेव टाकतंच. तेल-मिठाची शेव त्यांचं खाणं नाही, आणि एकदा पक्षी त्यासाठी काठाला येऊ लागले की पुढच्या वर्गाला त्यांचं खरं वागणं दिसत नाही.

७. त्या सकाळचा क्रम

जानेवारीत इंदूरला सातच्या सुमारास उजाडतं. पुढचं वेळापत्रक त्यावर बेतलं आहे.

७.१५ शाळेत हजेरी, शौचालय, पहिली मोजणी. गटानं बसमध्ये बसायचं.
७.३० बस निघते.
८.०० पोचणं. एकेक गट उतरतो, दुसरी मोजणी. सूचना तीन मिनिटांत: दोरीच्या पलीकडे नाही, पाण्याला हात नाही, इशारे आठवा. स्वागताचं भाषण नको.
८.१० गट आपापल्या जागी, कुजबुजत. फिरता शिक्षक तोवर काठावर दोरी टाकून मोकळा झालेला हवा.
८.२० बैठक, १० मिनिटं. मुलांमध्ये दोन हात अंतर, तोंड पाण्याकडे. वही बंद.
८.३० मुख्य काम.
९.१५ साबणानं हात धुवून खाणं.
९.४० जोडकाम: चौरस.
१०.२० गोल करून बसणं.
१०.४० मोजणी, कचरा, बस.

या क्रमातली बैठक वेळ भरण्यासाठी नाही. माणसं आल्यावर काठाचे पक्षी लांब सरकतात आणि माणसं हलेनाशी झाली की थोड्या वेळात परत येतात. ती दहा मिनिटं वगळून थेट कामाला लागलात तर मोजायला टिबुकली असतेच, पण दूर. बैठकीत वह्या बंद ठेवायचं कारणही हेच, लिहिताना मान खाली जाते.

*मुख्य काम कसं चालवायचं.* प्रत्येक गटातल्या आठांचे तीन संघ: तीन, तीन, दोन. संघाला एक घड्याळ. तिघांत एक ‘डोळा’, एक ‘घड्याळ’, एक ‘वही’. दोघांच्या संघात वही घड्याळवाल्याकडे. डोळ्यानं पाण्यावरून नजर काढायची नाही. टिबुकली पिसं आवळते, बारीक होते आणि डोकं खाली घालून नाहीशी होते. डोळा म्हणतो ‘गेली’, घड्याळ मोजू लागतं. ती बुडाली त्याच जागी बघत राहिलं तर हमखास हुकते, कारण ती चार-सहा मीटर बाजूला, कधी गवताच्या आड, वर येते. म्हणून नजर पसरट ठेवायची. ‘आली!’ म्हटलं की सेकंद लिहायचे. अशा दहा बुड्या झाल्या की कामं बदलायची.

नेहमी होणाऱ्या चुका:
- दोन टिबुकल्या जवळजवळ असताना मोजणं. एक बुडते, दुसरी वर येते आणि ३ सेकंदांची बुडी नोंदली जाते. एकटी असलेली निवडा.
- हुकलेली बुडी वगळणं. एक मिनिट झालं तरी दिसली नाही तर ‘हुकली’ लिहा. किती हुकल्या हाही निकालच.
- शेजारच्या संघाचा आकडा ऐकून आपला ‘दुरुस्त’ करणं. इथे मोठ्या माणसानं ठामपणे सांगायचं: तुला मिळाला तोच लिही.
- पक्ष्यांच्या नावांची यादी वाढवण्याची स्पर्धा. ती सुरू झाली की कोणीच काही बघत नाही.

शौचालयाला याच वेळात, एका वेळी एक गट, फिरत्या शिक्षकाबरोबर.

*चौरसाचं काम.* सुतळी ताणा, आत पाय ठेवायचा नाही. आधी नुसतं बघून पानांचे प्रकार मोजा. मग भिंग घेऊन पोटावर झोपून पाच मिनिटं. शेवटी कोपऱ्यातली चिमूटभर माती तळहातावर घ्या, बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकून मळा, आणि अंगठा व पहिल्या बोटात दाबत तिची पट्टी पुढे सरकवा. वाळू जास्त असली तर पट्टी लगेच मोडते. आपली काळी माती पाच सेंटिमीटरच्या पुढेही न तुटता खाली लोंबते, तुकतुकीत दिसते आणि बोटाच्या रेषांत अशी बसते की साबणाशिवाय निघत नाही. हीच माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून वाट अडवते, हे मुलांना त्या पट्टीवरूनच समजावता येतं. राळामंडलला हे काम करू नका, तिथे माती हलवायची नाही.

*मोठ्यांनी काय बोलायचं.* सर्वांत जास्त बिघाड इथे होतो. मूल विचारतं, “बाई, तो कोणता पक्षी?” नाव सांगितलं की मूल ‘अच्छा’ म्हणून दुसरीकडे वळतं. नाव सांगा, पण शेवटी. आधी विचारा, “तो आत्ता काय करतोय? पाय दिसतात का? कुठे उभा आहे?” समजा तो कमळपक्षी आहे. मूल बघत बघत म्हणतं, “पानावर चालतोय… पान बुडत नाही… बोटं केवढी लांब आहेत!” आता नाव सांगितलं तर ते जन्मभर राहील. माहीत नसेल तर सरळ म्हणा, “मला नाही माहीत, चित्र काढून ठेव, शाळेत शोधू.” पक्षिमित्र पाहुणे बोलावले असतील तर त्यांनाही हे आधी सांगा. जाणकार माणूस उत्साहाच्या भरात तासाभरात तीस नावं सांगून जातो.

> सावधान: दाट धुकं असेल आणि समोरचा काठ दिसत नसेल तर शाळेतच तासभर थांबा. मावठ्याचा पाऊस आदल्या रात्री झाला असेल तर भेट पुढे ढकला. दोन दिवस तरी काठ निसरडा राहतो.

८. अडचण आली तर

१०८ आणि ११२ हे क्रमांक सातही जणांच्या फोनमध्ये आणि कागदावर. जवळचं रुग्णालय, आणि सापाचं प्रतिविष कुठे मिळेल, हे पूर्वपाहणीच्या दिवशीच विचारून ठेवा.

*मधमाश्या उठल्या तर:* हात झाडू नका, खाली बसू नका, पाण्याकडे धावू नका. स्वेटरनं तोंड झाकून बसमध्ये, खिडक्या बंद. काटा अंगात असेल तर नखानं खरवडून लगेच काढा. ओठ-डोळे सुजले, श्वास लागला, चक्कर आली तर एक क्षणही न थांबता १०८.

*साप दिसला तर:* थांबा, मागे या, जाऊ द्या. चावलाच तर चिरा द्यायचा नाही, रक्त ओढायचं नाही, घट्ट दोरी बांधायची नाही. मुलाला चालवू नका. पाय किंवा हात हलणार नाही असा ठेवून उचलून रुग्णालयात.

*मोजणीत एक कमी आला तर:* सगळे गट जागच्या जागी बसतात. दोघे मोकळे शोधतात, पहिल्यांदा पाण्याची बाजू, मग शौचालय, मग बस. सगळ्यांनी शोधायला पळायचं नाही, नाहीतर पाच मिनिटांत चार कमी होतात.

९. परतल्यावर

तलावावरच्या शेवटच्या गोलात प्रत्येक मुलानं एकच वाक्य बोलायचं, ‘दिसलं’ रकान्यातलं. शाळेत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एक तासिका राखून ठेवा. आठवडा गेला की वहीतली घाईची अक्षरं मुलाला स्वतःलाही लागत नाहीत.

फळ्यावर पंधरा संघांच्या बुड्यांचे आकडे मांडा. प्रत्येक संघाची सरासरी काढा, मग सगळ्या वर्गाची. आकडे जुळणार नाहीत. तिथेच खरा तास सुरू होतो. जागा ३ वरच्या बुड्या लांब का? तिथे पाणी खोल होतं? मासे कमी होते? की घड्याळवाला उशिरा थांबवत होता? मुलं आपसात भांडू लागली तर भांडू द्या, फक्त दर वेळी ‘कशावरून?’ विचारत राहा. निबंध लिहायला सांगू नका. त्याऐवजी एक पान: आमचा प्रश्न, आम्ही काय केलं, आकडे, काय हुकलं.

शाळेच्या आवारातली थोडी माती काचेच्या बरणीत एक तृतीयांश भरा, वर पाणी, झाकण लावून दोन मिनिटं हलवा आणि खिडकीत ठेवा. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ काही तासांत, चिकणमातीचा थर दुसऱ्या दिवशीही पुरता बसलेला नसतो. बरणी आठवडाभर कोणी हलवू नये म्हणून तिच्यावर एका मुलाची नेमणूक करा.

‘विचारायचंय’ रकान्यातले सगळे प्रश्न एका मोठ्या कागदावर उतरवून भिंतीवर लावा. त्यातला एक मुलांनीच निवडायचा. फेब्रुवारीत बस मिळाली तर त्यासाठी पुन्हा त्याच तलावावर, त्याच पाच जागांवर. बस मिळाली नाही तर शाळेजवळचा एक पळस किंवा पिंपळ धरा: फेब्रुवारी ते एप्रिल दर सोमवारी दहा मिनिटं, एकच ठरलेली फांदी, तीच वही. पळसाची पानं गळून कळ्या कधी धरतात आणि पिंपळाला तांबूस पालवी कोणत्या आठवड्यात फुटते, याच्या तारखा मुलांच्या हातच्या असतील. पुढच्या सहावीला त्या तारखा द्या आणि तीच फांदी दाखवा.